रात्री नऊचा तक्ता: सेल्समधली चुरस कुणाला पळवते आणि कुणाला बसवते

मुंबईत सेल्समध्ये काम केलेल्या माणसाला रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा तो तक्ता माहितीच असणार. नाव, एरिया, टार्गेट, अचीव्हमेंट, टक्के आणि शेवटच्या कॉलममध्ये रँक. वरच्या ओळी हिरव्या, खालच्या लाल. मी बिस्किट-नमकीनच्या लाइनमध्ये एरिया सेल्स मॅनेजर होतो, माझ्याकडे लालबाग-परळपासून मुलुंडपर्यंतची आठ पोरं, आणि कंपनीचे पूर्ण मुंबईचे मिळून ४६ सेल्समन, तर तो ४६ नावांचा तक्ता माझ्या पोरांच्या ग्रुपवर रोज रात्री मीच टाकायचो आणि मला मनापासून वाटायचं की याच्यामुळेच सगळे पळतायत.

एकदा २६ तारखेच्या रात्री कुर्ला स्टेशनच्या ब्रिजवर आमचा कुर्ल्याचा सेल्समन भेटला (आमच्यात नावापेक्षा बीटवरूनच, म्हणजे ज्याला जो भाग वाटून दिलाय त्यावरूनच, हाक मारायची सवय, कुर्ला, भांडुप, लालबाग अशी). त्याचा फोन वाजला, त्याने तक्ता उघडला, अंगठ्याने खाली खाली सरकवत गेला, आपलं नाव बघितलं आणि फोन खिशात टाकला. मी विचारलं, "कितवा?" म्हणाला, "३१ सर. काल ३२ होतो." म्हटलं, "मग वर गेलास की." तर तो शांतपणे म्हणाला, "सर, मी आज वेगळं काहीच केलं नाही, माझ्या वरचा सुट्टीवर होता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. मग मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचलेलं बीटवर रोज दिसणाऱ्या गोष्टींना लावून बघत गेलो. चुरशीने माणूस खरंच जास्त काम करतो का, आणि करतो तर कोण करतो, कधी करतो, हे मला जेवढं समजलंय तेवढं इथे सोपं करून सांगतो, कारण आजही रात्री नऊला तोच तक्ता हजारो पोरांच्या फोनवर पडतोय.

ही चौकशी बरीच जुनी आहे. १८९८ साली अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीतल्या नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल रेसचे आकडे काढून बघितले तर एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांबरोबर रेस लावणारा जास्त वेगाने जातो असं दिसलं. मग त्यांनी मुलांना गळाच्या रिळाचं हँडल फिरवायला लावलं, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल फिरवतंय असं. हा प्रयोग सगळीकडे "स्पर्धेने वेग वाढतो" एवढ्या एका ओळीत सांगितला जातो, पण त्यांनी ज्या ४० मुलांचे आकडे मांडले त्यातली साधारण निम्मीच वेगवान झाली, पाव भाग मुलांवर फारसा परिणामच झाला नाही, आणि उरलेली पाव भाग मुलं तर चुरशीत इतकी गडबडली की एकट्यापेक्षाही हळू झाली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पहिल्याच मोठ्या प्रयोगात हे समोर होतं की एकच चुरस एकाला पळवते आणि दुसऱ्याचे हात थरथरवते, आणि आपण मात्र पळणाऱ्या निम्म्यांकडे बघून सगळ्यांसाठी तक्ता बनवला.

मग फरक कशाने पडतो? सगळ्यात मोठा फरक पडतो शेजारी कोण आहे याने.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं की माणूस स्वतःला मोजताना कुणाशीही मोजत नाही, आपल्यासारख्याच, आपल्या जवळपासच्या माणसाशी मोजतो. हे समजायला लांब जायला नको, बदलापूरहून लटकत येणाऱ्या माणसाला मलबार हिलच्या बंगल्याने काही वाटत नाही, पण समोरच्या खिडकीत नवा एसी लागला की रात्रभर घरात तोच विषय. सेल्समध्ये पण तेच आहे. ३१ नंबरच्या पोराला पहिल्या नंबरशी काही देणंघेणं नसतं, तो त्याच्यासाठी दुसऱ्या जगातला माणूस. त्याला २९ आणि ३० ने फरक पडला असता, पण ते दोघं वसई आणि पनवेलचे, ज्यांचं तोंड त्याने वर्षातून एकदा कॉन्फरन्सला बघितलेलं.

त्यात माणसं जास्त झाली की चुरस आणखी पातळ होते. स्टीफन गार्सिया आणि अविशालोम टोर यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग छापला, लोकांना एक छोटी क्विझ पटापट सोडवायला दिली आणि सांगितलं की सगळ्यात लवकर सोडवणाऱ्या २० टक्क्यांना बक्षीस आहे, काहींना सांगितलं तुमच्यासमोर १० जण आहेत, काहींना सांगितलं १०० जण. जिंकायची शक्यता दोन्हीकडे तेवढीच, हिशोबाने काही फरक नाही, तरी १० वाल्यांनी जास्त वेगाने सोडवली. समोर दहा चेहरे असले की माणूस त्यातल्या एकेकाशी स्वतःला लावून बघतो, शंभर झाले की ती नुसती गर्दी होते, आणि गर्दीशी कोण चुरस करणार, दादर स्टेशनला संध्याकाळी सहा वाजता आपण गर्दीशी चुरस करत नाही, तिच्याबरोबर वाहत जातो. आमचा ४६ जणांचा तक्ता ही अशीच गर्दी होती.

याच्या उलट, समोर एकच माणूस असेल आणि त्याच्याशी जुना हिशोब असेल तर काय होतं? गॅव्हिन किल्डफ यांनी एका रनिंग क्लबचे वर्षानुवर्षांचे रेसचे निकाल तपासले, तर आपला ठरलेला प्रतिस्पर्धी त्याच रेसमध्ये असला की माणूस किलोमीटरमागे साधारण पाच सेकंद जास्त वेगाने पळतो असं निघालं. ठरलेला प्रतिस्पर्धी म्हणजे कोण, तर आपल्याच वयाचा, आपल्याच तोडीचा आणि ज्याच्याशी वारंवार गाठ पडलीये असा. तोडीचा नसेल तर दमछाक होते, आणि वारंवार भेटला नसेल तर जुना हिशोबच तयार होत नाही.

मुंबईच्या माणसाला हे क्रिकेटमधून पटकन कळेल. माटुंग्याचा दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना, दोन क्लब, मध्ये चालत जायचं अंतर, आणि यांच्यातली चुरस अशी की जुनी माणसं अजून त्या मॅचेसवर तासभर बोलतील. दादर युनियनकडून सुनील गावस्कर, शिवाजी पार्ककडून अजित वाडेकर. पण रणजीचा सीझन आला की दोन्हीकडची माणसं एकाच मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये, आणि त्या मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी जिंकली. मला या गोष्टीत सेल्सचं अख्खं गणित दिसतं. चुरस जवळच्याशी, तोडीच्या माणसाशी, दर मोसमात नव्याने, आणि त्या चुरशीच्या वर एक मोठं 'आपण', ज्यात आज ज्याला हरवलं त्याच माणसाबरोबर उद्या एकाच बाजूने खेळायचंय. यातली नुसती चुरस ठेवली तर पोरं एकमेकांचे पाय ओढतात, नुसतं 'आपण' ठेवलं तर सगळे छान हसतखेळत राहतात आणि सेल जिथल्या तिथे.

आता जरा पैशाच्या बाजूने बघू, कारण सेल्समध्ये चुरस कधी एकटी येत नाही, तिच्याबरोबर इन्सेंटिव्हचे स्लॅब येतात. आमच्याकडे टार्गेटच्या ८० टक्क्यांच्या खाली शून्य, ८० ला थोडं, १०० ला चांगलं, १२० च्या वर आणखी काही नाही. कागदावर हे एकदम बरोबर दिसतं. क्लार्क हल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच मांडलं होतं की उंदीर खाण्याच्या जितका जवळ येतो तितका जोरात पळतो, आणि माणसाचंही बऱ्यापैकी तसंच आहे, टप्पा जवळ दिसला की अंगात येतं. पण याची दुसरी बाजू अशी की टप्पा लांब दिसला की पाय गळतात. २४ तारखेला जो ६० टक्क्यांवर आहे त्याला कळलेलं असतं की या महिन्यात ८० होत नाही, मग तो काय करतो, दुकानदाराला म्हणतो शेठ, हा माल एक तारखेला टाकतो, म्हणजे पुढच्या महिन्याची सुरुवात तरी चांगली होईल. जो १२० ला पोचला तो पण तेच करतो. आणि जो ९४ वर आहे तो रात्री दहापर्यंत दुकानदारांच्या हातापाया पडून बिलं काढतो. तिघंही हुशार आहेत, तिघंही आपापलं गणित बरोबर करतायत, पण एकूण विकला गेलेला माल वाढला का, तर नाही, तो फक्त तारखांमध्ये इकडून तिकडे सरकला. पॉल ओयर यांनी १९९८ साली अमेरिकन कंपन्यांचे आकडे तपासून दाखवलं की कंपनीचं आर्थिक वर्ष संपताना विक्री फुगते आणि नवीन वर्ष सुरू झालं की बसते, मग ते वर्ष कुठल्याही महिन्यात का संपेना. आपल्याकडे मार्चमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि एप्रिलमध्ये पोरं निवांत, ते पण हेच.

हे मी जवळून बघितलंय. कुर्ल्याला पाइप रोडच्या बाजूला एक छोटं किराणा दुकान, शटर जेमतेम आठ फुटांचं. दुकानदार चाचा मला म्हणाले, या जरा वर, आणि लाकडी शिडीने पोटमाळ्यावर घेऊन गेले. तिथे आमच्या नमकीनच्या १४ पेट्या, एकावर एक, वरच्या पेटीला पावसाचं पाणी लागून पुठ्ठा फुगलेला. चाचांनी एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि बोट तारखेवर ठेवलं, एक्सपायरीला ११ दिवस. म्हणाले, "मेरे को महिने में दो पेटी लगती है साहब, लडका बोला आज मेरी नौकरी का सवाल है, ले लो, मैंने ले लिया." ते पाकीट मी घरी घेऊन आलो आणि बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं. त्या महिन्यात कुर्ला तक्त्यात १९ वर होता, आणि मी त्याच्या नावापुढे शाबासकी टाकली होती.

त्या पोराला दोष द्यायला माझं मन अजिबात होत नाही. हेच मोठ्या प्रमाणात झालं की काय होतं ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दिसलं. एका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विका, 'एट इज ग्रेट', असं घोषवाक्य, ब्रँचवर सेल्सचं जबरदस्त प्रेशर, आणि शेवटी २०१६ मध्ये बाहेर आलं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखोंनी खाती उघडली होती. साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, आणि या कारणावरून बँकेने काही वर्षांत मिळून ५,३०० च्या आसपास लोकांना काढल्याचं समोर आलं. तेवढे सगळे जन्माने लबाड थोडेच होते. त्यांना जे मोजलं जातंय ते त्यांनी आणून दिलं.

तर मग रँक काढून टाकायची आणि सगळ्यांना मिळून एक टीम टार्गेट द्यायचं का? बऱ्याच मॅनेजरांना इथे असंच वाटतं, मला पण वाटलं होतं. पण इथे दुसरा खड्डा आहे.

मॅक्स रिंगेलमान नावाचे फ्रेंच शेती इंजिनिअर होते, त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि निकाल १९१३ मध्ये छापला. एकटा माणूस जेवढा ओढतो ते १०० धरलं तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकी ९३, तिघं असताना ८५ आणि आठ जण असताना प्रत्येकी ४९. म्हणजे आठ माणसं मिळून चार माणसांचं काम. याचं थोडं कारण असं की सगळ्यांचा झटका एकाच क्षणी लागत नाही, पण ते एवढंच नव्हतं. १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे बांधून, कानाला हेडफोन लावून ओरडायला लावलं, आणि माणूस खरं तर एकटाच ओरडत असताना त्याला सांगितलं की तुझ्याबरोबर बाकीचे पण ओरडतायत, तरी त्याचा आवाज कमी झाला. गर्दीत माझा आवाज कुणाला कळणार आहे, असं आतून वाटलं की हात आपोआप सैल पडतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. आणि यावरचा उपाय पुढच्या प्रयोगात तिथेच सापडला, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माहिती झालं की ढिलाई गेली.

आता याच्याच विरुद्ध टोकाला एक जर्मन प्रयोग आहे आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. १९२० च्या दशकात ऑटो कोहलर यांनी बर्लिनच्या एका रोइंग क्लबच्या माणसांना दंडाने वजन उचलत राहायला सांगितलं, आधी एकेकट्याने, मग दोघांना मिळून एकच दांडी धरायला दिली, वजन दुप्पट, आणि एकाने सोडलं की दुसऱ्याचं पण संपलं. तर त्यातला कमजोर माणूस एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जोडीत जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे समोरच्याचं संपू नये, एवढ्यासाठी. आणि हे सगळ्यात जास्त कुठे दिसलं, तर जिथे दोघांच्या ताकदीत फरक मध्यम होता तिथे. फार मोठा फरक असला तर कमजोर सोडून देतो, अगदी सारखे असले तर कमजोर कोण तेच ठरत नाही.

दहीहंडी बघितलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. खालच्या थरातल्या माणसाचा चेहरा फोटोत येत नाही, त्याच्या खांद्यावर वरचे सगळे थर, मान वर करून हंडी फुटताना बघता पण येत नाही त्याला, आणि तरी तो पाय हलवत नाही कारण त्याने सोडलं की वरचं पोर खाली. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो, रात्री कामावरून सुटून येतात पोरं. इथे दोरीसारखं लपायला जागाच नाही, कुणाचा खांदा सुटला ते सगळ्यांना कळतं. म्हणजे टीम म्हणताना आपण नेमकी कुठली टीम बनवतोय ते बघायला हवं, आठ जणांची दोरी की थर. सेल्समधलं नेहमीचं टीम टार्गेट ही दोरी असते.

आणि आता 'आपण' आणि 'ते' याबद्दल, कारण टीमची ओळख ही चीज फार ताकदवान आहे आणि तितकीच नाजूक पण. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे दोन गट केले, कारण काय तर तुला या चित्रकाराची चित्रं आवडली आणि तुला त्या चित्रकाराची, बस. कोण कुठल्या गटात ते मुलांना एकमेकांचं माहिती पण नव्हतं. मग प्रत्येकाला दुसऱ्यांमध्ये पैसे वाटायला दिले, स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि खरी धक्कादायक गोष्ट पुढे आहे, आपल्या गटाला एकूण पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशी वाटणी बऱ्याच मुलांनी निवडली.

सेल्समध्ये हे रोज होतं. आमच्याकडे वेस्टर्न लाइन विरुद्ध सेंट्रल लाइन अशी कॉन्टेस्ट ठेवली होती, टी-शर्ट पण छापले होते, वेस्टर्नचे केशरी आणि सेंट्रलचे निळे. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे आकडे वाढले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या महिन्यात सायनच्या एका केटररने आमच्या सेंट्रलच्या पोराला सांगितलं की मला अंधेरीच्या लग्नासाठी ८० पेट्या हव्यात, आणि अंधेरी वेस्टर्नची बीट, म्हणून त्याने तो ऑर्डर कुणाला सांगितलाच नाही. केटररने दुसऱ्या कंपनीचा माल घेतला. त्या पोराच्या डोक्यात ८० पेट्या गेल्या असा विचारच नव्हता, केशरीला ८० पेट्या मिळाल्या नाहीत एवढंच होतं. ताजफेलच्या मुलांसारखंच झालं, फक्त इथे वय २८ आणि घरी बायको-पोरं.

यातून बाहेर कसं यायचं याचं उत्तर मुझफर शेरीफ यांच्या १९५४ च्या ओक्लाहोमातल्या कॅम्पमध्ये आहे. २२ मुलं, ११-१२ वर्षांची, दोन गट, ईगल्स आणि रॅटलर्स, बेसबॉल, रस्सीखेच, बक्षिसं, आणि काही दिवसांत ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर जेवण एकमेकांवर फेकलं (ऑफिसच्या पिकनिकने टीम जोडली जाते असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं). पुढे पाण्याची लाइन बंद पडली आणि जेवण आणणारा ट्रक अडकला, ते मुद्दाम घडवून आणलेलं होतं, पण मुलांना ते माहिती नव्हतं. मग दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला, आणि ओढायला दोर कुठला वापरला, तर रस्सीखेचीचाच. अशा दोन-चार वेळा झाल्या तेव्हा कुठे ती दुश्मनी निवळली. एकट्या गटाला जमणार नाही आणि दोघांनाही हवंय, असं काम असलं तरच मोठं 'आपण' तयार होतं, भाषणाने होत नाही.

आपल्याकडे याचं चालतंबोलतं उदाहरण म्हणजे डबेवाले. १८९० पासूनची परंपरा, गटागटाने काम, प्रत्येक गटाला मुकादम, गटाची कमाई गटात वाटून घ्यायची पद्धत, आणि एक डबा घरापासून टेबलापर्यंत जाताना तीन-चार जणांच्या हातातून जातो. अंधेरीला ज्याने उचलला त्याने चर्चगेटवाल्यावर भरवसा ठेवल्याशिवाय ते काम होऊच शकत नाही. आणि बहुतेक जण मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव या पट्ट्यातले, म्हणजे इथे काम चुकवलं की गावच्या जत्रेत तोंड दाखवायचंय. मला वाटतं आपल्या सेल्सवाल्यांनी परदेशी ट्रेनरच्या आधी डबेवाल्यांकडे बसायला हवं.

हे सगळं कळल्यावर मी माझ्या आठ जणांपुरतं जे करता आलं ते केलं. कंपनीचा तक्ता बंद करणं माझ्या हातात नव्हतं, पण ग्रुपवर टाकणं माझ्या हातात होतं, ते थांबवलं. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळा मेसेज, तुझा गेल्या वर्षीचा हाच महिना आणि आजचा आकडा, आणि तुझ्या जोडीदाराचा आकडा. जोड्या लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या, भांडुप-मुलुंड, चेंबूर-घाटकोपर, आणि बीट चिकटून नसल्या तरी दुकानं सारखी म्हणून सायन-विक्रोळी आणि कुर्ला-लालबाग. इन्सेंटिव्हचे स्लॅब वरून येतात, त्यात हात घालता येत नाही, पण माझ्याकडे महिन्याला थोडं कॉन्टेस्ट बजेट असायचं, ते पूर्ण जोडीला लावलं, आणि अट एकच, दोघांनीही गेल्या वर्षीच्या आपापल्या महिन्याच्या पुढे जायचं, एक जरी मागे राहिला तर दोघांचं नाही. दुकानातून परत येणारा माल जोडीच्या आकड्यातून वजा. आणि रोजची बिलं किती जणांची किती, ते जोडीतल्या दोघांना एकमेकांचं दिसणार, म्हणजे लपायला जागा नाही.

सगळं गोड झालं नाही. घाटकोपर आमचा स्टार होता, कायम पहिल्या पाचात, त्याला ते हिरव्या ओळीतलं नाव लागायचंच, त्याच्यावर तो जगायचा, आणि मी त्याच्याकडून ते काढून घेतलं. तो दिवाळीच्या आत दुसऱ्या कंपनीत गेला. मला आजही वाटतं त्याच्यापुरता मी चुकलो, ट्रिप्लेटच्या पळणाऱ्या निम्म्या मुलांमधला होता तो, त्याला मुंबईतल्या वरच्या पाचांचा वेगळा छोटा तक्ता देता आला असता, जवळचे, तोडीचे, ओळखीचे पाच. भांडुप-मुलुंड जोडी तर पहिले दोन महिने बोलत पण नव्हती, कारण माझं गणित चुकलं होतं, मुलुंड खूप पुढे होता आणि भांडुपने सुरुवातीलाच हात टेकले. जोडी बदलली तेव्हा जमलं. सेल एकदम उसळला असं काही झालं नाही, सावकाश वाढला, पण महिनाअखेरचा तो रात्री दहाचा तमाशा बराच थांबला आणि एक्सपायरीचा माल परत येणं कमी झालं, आणि माझ्यासाठी ती पोटमाळ्यावरची गोष्ट मिटणं जास्त महत्त्वाचं होतं.

तुमच्या हाताखाली टीम असेल तर मी एवढंच म्हणेन की तक्ता टाकायच्या आधी त्यातल्या शेवटून तिसऱ्या माणसाचं नाव बघा आणि आज त्याने काय केलं तर तो वर जाईल हे स्वतःला विचारा. उत्तर देता आलं नाही तर त्याला पण येणार नाही. आणि तुम्ही स्वतः तो शेवटून तिसरा असाल तर तक्त्यात तुमचा एरिया कुठला आहे ते पण बघा, कारण तक्त्याला एरिया कळत नाही.

हे शेवटचं मी लालबागवरून शिकलो. लालबागची बीट गणपतीच्या महिन्यात दरवर्षी तळाला जायची. रस्ते बंद, टेम्पो आत येत नाही, दुकानासमोर दर्शनाच्या लाइनीचे बांबू, दुकानदाराला बिस्किटं-नमकीन तर दुप्पट हवं असतं कारण रात्रभर माणसं खात असतात, पण माल पोचवणार कसा. आणि तक्त्यात मात्र दहा दिवस लाल ओळ, वर कॉन्फरन्स कॉलवर सगळ्यांसमोर प्रश्न. माझ्या आधीच्या साहेबांनी त्याला लेखी विचारलं होतं की परफॉर्मन्स का घसरला.

जोड्या लावल्या त्या वर्षी गणपतीच्या चौथ्या दिवशी मला सकाळी पावणेसहाला फोटो आला. चिंचपोकळी ब्रिजच्या खाली हातगाडी, तिच्यावर दोरीने बांधलेल्या आमच्या पेट्या, पुढे लालबाग, मागून ढकलणारा कुर्ला. गर्दी ओसरते ती साडेपाच ते सातची वेळ धरून दोघं गल्ल्यांमधून २२ दुकानं करून आले. कुर्ल्याचं स्वतःचं त्या दिवसाचं काम दुपारी सुरू झालं, सहा दुकानं राहिली, ती त्याने शनिवारी केली. संध्याकाळी मी बिलं बघितली. सगळी लालबागच्या नावावर, आणि डिलिव्हरीच्या चलनावर, खाली उजव्या कोपऱ्यात, कुर्ल्याची सही.